विमान कंपनीचं उरलेलं क्रेडिट भाच्यासाठी वापरलं: जमतं, पण...

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा नियम प्रत्येकीचा वेगळा आहे.

आईचं मुंबई-चेन्नई तिकीट तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे रद्द केलं. पैसे परत मागितले तर जवळजवळ निम्मे कापणार, क्रेडिट घेतलं, म्हणजे पैसे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच ठेवले, तर ७,९०० जमा. एवढे पैसे कोण सोडतं? क्रेडिट घेतलं. पण आई वर्षभरात काही विमानात बसणार नव्हती, म्हणून ते ताईच्या मुलाला वापरता येतं का, ते बघू लागलो.

तिकिटावर आईच्या जागी भाच्याचं नाव घालून मिळत नाही. क्रेडिट कोणाच्या तिकिटाला लावू द्यायचं ते मात्र कंपनी ठरवते. कॉल सेंटरवरची मुलगी म्हणाली, फक्त मूळ प्रवासी. मी सुप्रीम कोर्टाचा ऑक्टोबर २०२० चा निकाल काढला, त्यात क्रेडिट दुसऱ्या कोणालाही देता येईल असं होतं. ती शांतपणे म्हणाली, ते लॉकडाउनच्या तिकिटांपुरतं, ३१ मार्च २०२१ पर्यंत. बरोबर होतं तिचं. नंतर फोन केला तर दुसराच माणूस म्हणाला, "होतं की सर, वेबसाइटवरून करा."

आणि झालं! पैसे भरायच्या पानावर जुना पीएनआर टाकला, क्रेडिट दिसलं, प्रवासी म्हणून भाचा चालला. मनात पाचपैकी चार तारे देऊन मोकळा झालो.

मग ओटीपी. तो जातो मूळ बुकिंगच्या नंबरवर, म्हणजे आईच्या बटणाच्या फोनवर. आम्ही दोघं नाशिकचेच, पण मी गंगापूर रोडला, आई सिडकोत.

"आई, मेसेजमधले आकडे वाच."

"बँकेतल्या बाई म्हणाल्यात, कोणालाच सांगायचे नाहीत."

"अगं, मी बोलतोय!"

"आवाज कोणीही काढतो आजकाल."

तेवढ्यात मुदत संपली. पुन्हा सुरुवात केली तर तिकीट चारशेने वर. शेवटी गाडी काढून सिडकोत गेलो आणि तिच्या पलंगावर बसून बुकिंग केलं. नंबर बदलून मागितला तर म्हणे मूळ प्रवाशाने ओळखपत्र जोडून ईमेल करावा. आईने, ईमेल! विमानात कोण बसतंय याची कंपनीला फिकीर नाही, फोन कोणाचा वाजतो तेवढं मात्र पक्कं.

अपडेट: भाचा पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून व्यवस्थित गेला, विमानाबद्दल तक्रार नाही. पण कन्व्हिनियन्स फी (ऑनलाइन बुकिंगचं शुल्क) क्रेडिटमधून घेतली नाही, वेगळी कार्डावर लागली. वर उरलेल्या ८१२ रुपयांना नवी मुदत नाही, जुनीच तारीख. म्हणून अडीच तारे.

तुमची वेळ आली तर बघा: रिफंड की क्रेडिट, हे प्रवाशाने ठरवायचं असा डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. आमच्या वेळी क्रेडिटवर आधीच टिक होती, ती काढून बेरीज करा. तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळालंच पाहिजे, तेही मोजा. घरात वर्षभरात कोणीतरी नक्की उडणार असेल तरच क्रेडिट घ्या.

८१२ ताईच्या हैदराबादच्या तिकिटाला लावणार होतो. ती म्हणाली ओझरहून, म्हणजे नाशिकच्याच विमानतळावरून जायचंय. या कंपनीचं ओझरहून विमानच नाही, आणि त्यासाठी मुंबईला जायचं तर ८१२ टॅक्सीतच जातील.