लाडकी बहीण योजना: तुर्भ्यातल्या बारा हजार पगाराच्या घराचा हिशेब

रेटिंग: रकमेला चार तारे, नियमांच्या आखणीला दोन, ई-केवायसीला (आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी) एक.

तुर्भे एमआयडीसीत सिक्युरिटी गार्डला महिना 12,000 मिळतात असं धरू. वर्षाचे 1,44,000. बायकोच्या खात्यात दरमहा 1,500, म्हणजे वर्षाला 18,000. घराच्या कमाईत साडेबारा टक्के भर पडली. पैसे बाईच्या नावावर थेट जमा होतात, मधे कोणाचा हात नाही. फक्त हप्ता ठरल्या तारखेला येईल या भरवशावर भिशी लावू नका.

गोची पुढे आहे. बायकोने 10,000 चं हाउसकीपिंगचं काम धरलं की कुटुंबाचं उत्पन्न 2,64,000 होतं. मर्यादा अडीच लाखांची. 14,000 वर गेले म्हणून नियमाने 18,000 बंद! रक्कम हळूहळू कमी करायची सोयच नाही. एक तर पूर्ण, नाहीतर शून्य. त्यातही पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, पांढरं असेल तर लागतो. कमाई सारखी असलेल्या दोन शेजारणींचा निकाल कार्डाच्या रंगावर लागू शकतो. शहरात रेशनच्या प्राधान्य गटात, म्हणजे सरकारी धान्य मिळणाऱ्या घरांत, बसायला तर मर्यादा वर्षाला 59,000, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. पूर्णवेळ नोकरी करणारं कोण त्यात बसतं? 'जुनं कार्ड आहे तसंच असू दे' असं लोक उगाच म्हणत नाहीत.

याच गार्डच्या पगारातून पीटी (राज्य सरकारचा व्यवसाय कर) कापला जातो: दरमहा 200, फेब्रुवारीत 300, वर्षाला 2,500. म्हणजे कमाईच्या 1.7 टक्के. महिना लाख रुपये घेणाऱ्या साहेबालाही तेवढेच 2,500, म्हणजे 0.2 टक्के. आणि 2025-26 पासून आयकराच्या नव्या प्रणालीत त्या साहेबाच्या 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर शून्य. बायकोला 25,000 पगारापर्यंत पीटी माफ आहे, हे चांगलं केलंय. तीच सवलत कमी पगाराच्या पुरुषालाही द्यायला हवी होती.

आता ई-केवायसी. आधी बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. नवरा गावी असेल तर त्याला आधी फोन करून हातात मोबाइल घेऊन बसायला सांगा. ओटीपी दहाच मिनिटं चालतो. आधारला नंबर जोडलेला नसेल तर ओटीपी येणारच नाही. आधी आधार केंद्रात 75 रुपये भरून नंबर अपडेट करा.

खरा घोळ शेवटच्या घोषणांत होतो. 'कुटुंबातील कोणी सरकारी नोकरीत कायम कर्मचारी नाही' असं नकारार्थी वाक्य आणि खाली होय/नाही. घरात कोणी सरकारी नोकर नसेल तर उत्तर 'होय'. घाईत 'नाही' दाबलं की अर्थ उलटा लागतो. सायबर कॅफेवाल्याला भरायला दिलंत तरी हे वाक्य स्वतः वाचा.

पैसे खात्यात दिसत नसतील तर बँकेत 'आधार लिंक आहे का' एवढंच विचारून परत फिरू नका. लिंक असणं वेगळं आणि थेट लाभासाठी सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी आधारशी नोंद, असणं वेगळं. रक्कम शेवटी सीड झालेल्या खात्यात जाते, मग ते गावाकडचं विसरलेलं खातं का असेना. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये बँकेचं नाव दिसतं. विधवा, घटस्फोटित बायकांना ई-केवायसीसाठी नवऱ्याचा किंवा वडिलांचा ओटीपी मिळणार नसेल, तर त्यांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा; झेरॉक्सवर पोच घ्या.