सीटी स्कॅन केंद्र: अहवाल उत्तम, व्यवस्था ढिसाळ

जेवणानंतर पोटात मुरडा येऊन हिरवट उलट्या होण्याच्या ज्या त्रासावर मी अनेक वर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या घेत होतो, त्याचे खरे कारण या केंद्रातील सीटी स्कॅनमुळे समजले. गर्भावस्थेत आतडे साधारण 270 अंशांनी फिरून स्थिरावते. माझे ते फिरणे अर्धवटच राहिले होते. रेडिओलॉजिस्टनी पडद्यावर लहान आतडे उजवीकडे आणि अपेंडिक्स चक्क डावीकडे दाखवले, तेव्हा आजवर नुसते पोट दाबून पाहणाऱ्यांना दोष देणेही मला जड गेले. आतड्याला पीळ पडून रक्तपुरवठा तुटण्याचा धोका अहवालात स्पष्ट नोंदवला होता. मात्र नोंदणीच्या खिडकीसमोर उपाशीपोटी तीन तास ताटकळावे लागले, हे अक्षम्य आहे.