१ लिटर टर्बो पेट्रोल, पाच गिअर आणि आमच्या नाल्यावरचा रपटा : नऊ महिन्यांचा अनुभव

गुढीपाडव्याला गाडी दारात आली, आता पऱ्हाटीची दुसरी वेचणी चालू आहे. मीटरवर १३,४०० किलोमीटर. गाडी कोणत्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते या आकाराच्या बऱ्याच गाड्यांना लागू पडतं : १ लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. सीट, स्क्रीन, सनरूफ यांवर लोक भरपूर लिहितात. मी फक्त गिअरवर लिहितो, माझं डोकं नऊ महिने तिथंच अडकलं होतं.

आमचं गाव कारंजा लाड तालुक्यात. डांबरी सोडली की अडीच किलोमीटर आत, मधे नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका, कठडे नसलेला पूल. उतरायचं, लगेच चढायचं. गाडी घेऊन पाचवा दिवस असेल. बाजूला बाबा, मागे आई, काकू आणि पुतण्या, डिक्कीत तुरीच्या डाळीची दोन पोती, एसी चालू. जुन्या डिझेल जीपच्या सवयीने दुसऱ्या गिअरमध्ये रपट्यावर आलो, वेग पंधराच्या आसपास. चढाला पाय दाबला. काहीच नाही. अजून दाबला. गाडी थरथरली, दोन हिसके दिले आणि चढाच्या मधोमध बंद. मागे बंडी. बंडीवाला शांतपणे म्हणाला, "काहून भाऊ, नवीच हाय ना थे?" बाबा काही बोलले नाहीत. घरी पोचल्यावर मात्र बोलले, "आपली जीप दुसऱ्यात निघत होती."

बरोबर होतं त्यांचं. शोरूममध्ये मला १०० हॉर्सपॉवर आणि १६० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) सांगितलं होतं. ते खोटं नाही, पण ते टर्बो जागा झाल्यावरचं. टर्बो म्हणजे इंजिनमध्ये जादा हवा कोंबणारा पंखा, तो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर. इंजिनचे फेरे कमी, तर धूर कमी, धूर कमी तर पंखा मंद, आणि पंखा मंद तर सिलिंडरमध्ये जादा हवा नाही. माझ्या गाडीत ही हवा मिनिटाला १,८०० फेऱ्यांच्या आसपास भरायला लागते. त्याच्या खाली ते नुसतं १ लिटरचं इंजिन, आणि त्याने तेराशे किलोची गाडी, पाच माणसं आणि दोन पोती चढवायची.

मग एका रात्री माहितीपुस्तिका घेऊन बसलो. गिअर रेशो (गिअरपेटीतून एक फेरा बाहेर पडायला इंजिनला किती फेरे लागतात तो आकडा) शेवटच्या पानावर असतात, कोणी बघत नाही. माझ्या गाडीचे असे : पहिला ३.६०, दुसरा १.९५, तिसरा १.२८, चौथा ०.९५, पाचवा ०.७६ आणि फायनल ड्राइव्ह (गिअरपेटी आणि चाकं यांच्यामधला, कधी न बदलणारा रेशो) ४.१. टायर १९५/६० आर १६, त्याचा एक फेरा साधारण दोन मीटरचा. हिशोब सोपा आहे. १२० ला गिअरचा रेशो आणि फायनल ड्राइव्ह यांच्या गुणाकाराने भागलं की १,००० फेऱ्यांना ताशी किती किलोमीटर ते येतं. (दोन मीटरच्या टायरसाठीच हं, टायर बदलला की १२० चा आकडाही बदलतो.) दुसऱ्या गिअरला बरोबर १५ आलं. म्हणजे रपट्यावर मी १,००० फेऱ्यांवर होतो. टर्बो ढाराढूर झोपलेला. त्याच वेगाला पहिल्या गिअरमध्ये १,८५० येतात, म्हणजे जागा. एका गिअरचा फरक, पण मधे सगळं रामायण.

खरी गोम पुढे आहे. पहिल्याचा रेशो दुसऱ्याने भागा : १.८५. म्हणजे पहिल्यात २,५०० फेऱ्यांपर्यंत खेचून दुसरा टाकला, की काटा १,३५० वर येऊन पडतो. गाडी पुन्हा निपचित. दुसऱ्यात १,८०० वर उतरायचं असेल, तर पहिला ३,३०० पर्यंत ताणावा लागतो, २७ च्या वेगापर्यंत. आपल्याकडे पहिल्यात २७ पर्यंत कोण नेतं? पहिला फक्त गाडी हलवायला, असंच आपण शिकलो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना फरक १.५२ चा, तिथे ४१ वर बदलला की जमतं. वरच्या गिअरमध्ये कुरकुरच नाही. चौथ्यातून पाचव्यात काटा २,५०० वरून २,००० वर येतो आणि गाडी ओढतच राहते.

पहिल्या दोन गिअरमध्ये एवढी फट ठेवलीच कशाला, असा राग मलाही आला होता. म्हणून कागदावर दुसरा गिअर स्वतः बदलून पाहिला. १.९५ ऐवजी २.१५ धरला. पहिली फट १.६७ वर आली, छान. पण दुसऱ्या-तिसऱ्यातली १.६८ झाली. रस्त्यावरचा खड्डा मुरूम टाकून बुजवावा आणि चार हात पुढे नवा पडावा, तसं. खाली भरल्या गाडीला चढ चढवणारा पहिला हवा, वर हायवेला पेट्रोल वाचवणारा पाचवा हवा. ३.६० ते ०.७६ म्हणजे जवळजवळ पावणेपाच पट अंतर, आणि ते चार उड्यांत कापायचं. सहावा गिअर दिला तर उड्या पाच होतात, प्रत्येक थोडी लहान. पण सहा गिअर म्हटलं की लगेच खूश होऊ नका. सहावा नुसता पाचव्याच्या वर लावलेला असेल आणि खालचे गिअर तेच असतील, तर रपट्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

गिअर जास्त आणि जवळजवळ म्हणजे भारी, हेही टर्बोला सरसकट लागू नाही. गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सोडला की हवेचा दाब पडतो, पुन्हा भरायला क्षण जातो. जितके बदल तितके हे क्षण. आणि एकदा टर्बो जागा झाला की ताकद लांबवर सपाट राहते, मग लांब गिअरही चालतो. पोर्शेच्या ९११ टर्बोचं उदाहरण बघा. ही गाडी १९७४ ला आली आणि १९८९ च्या मॉडेलमध्ये पाचवा मिळेपर्यंत चारच गिअरवर चालली. मूळ कारण असं सांगतात की त्यांच्या पाच गिअरच्या पेटीला तेवढा जोर झेपत नव्हता. पण मोठ्या टर्बोला चार लांब गिअरही पुरले, हे खरंच. आमच्या बंडीवाल्याला मात्र हे सांगून उपयोग नाही.

आता माझा मूर्खपणा. मृग लागायच्या आधी टायरवाल्याकडे गेलो होतो, हवा भरायला. तो म्हणाला, पांदणीत गाडी खाली टेकते ना, २०५/६५ टाका, उंची वाढेल. पटलं. नव्या गाडीचे चारही टायर उतरवले. उंची वाढली सोळा मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक बोट. आणि टायरचा घेर वाढला पाच टक्के, याचा अर्थ सगळेच्या सगळे गिअर पाच टक्के लांब झाले. वीसच्या वेगाला दुसऱ्यात आधी १,३३० फेरे होते, ते १,२७० झाले. साठ फेऱ्यांनी काय होतं, असं मलाही वाटलं होतं. त्यात टायर वजनाला जड. जिथे आधी गाडी नाखुशीने का होईना निघायची, तिथे पहिला टाकावा लागायला लागला.

ॲव्हरेजही १४ वरून १२.६ वर आलं. टायरवाल्याला बोल लावायला निघालो होतो, तेवढ्यात लक्षात आलं की सासरवाडीचं अंतर एरवी ट्रिपमध्ये ४२ यायचं, ते ४० येतंय. मीटरला टायर मोठा झाल्याचं माहीतच नाही, तो कमी किलोमीटर मोजतोय. खरं ॲव्हरेज १३.२ होतं, जवळपास अर्धी घट मीटरची. वेगाचंही तेच, काट्यावर ८० म्हणजे हिशोबाने ८४. काटा मुळात थोडा जास्त दाखवतो म्हणून समृद्धीवर निभावलं. पोळ्याच्या आठवड्यात मूळ टायर परत बसवले. बायकोने खर्च विचारला नाही, हे जास्त भीतीदायक होतं.

समृद्धीचा विषय निघालाच आहे. मुलगी नागपूरला शिकते, महिन्यातून एकदा कारंजाहून चढतो. १२० ला पाचव्यात ३,१०० फेरे, तीन सिलिंडरचा घुमणारा आवाज, तिथे सहावा हवा होता असं दर वेळी वाटतं. ॲव्हरेज १५. तेच ९० ने गेलं तर १९ मिळतं. सप्टेंबरमध्ये परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलो, घाटात गाडीने सुखद धक्का दिला. दुसऱ्यात ४० ला २,६५० फेरे, टर्बो पूर्ण जागा, पाच माणसं असून दम लागला नाही. फक्त आवळ वळणावर वेग वीसच्या खाली गेला की निमूट पहिला. उतरताना मात्र सांभाळून. इंजिनच लहान, त्यामुळे दुसऱ्यात ठेवूनही ते गाडी फारशी धरत नाही. ब्रेकवर भिस्त पडते.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा हाच टर्बो अजून उशिरा उठतो. गरम हवा विरळ, त्यात एसीचा भार. दुपारी रपट्याच्या चढाला मी एसी बंद करतो. आईला ते पटत नाही.

आता हात बसलाय. गतिरोधक, रपटा, शेळ्यांचा कळप, वेग पंधराच्या खाली की पहिला. चालत्या गाडीत तो जरा अडून पडतो, फेरे थोडे वाढवून टाकला की पडतो. सुरुवातीला मी हाफ क्लचवर रेटायचो, दोन महिन्यांत जळका वास येऊ लागला, ते सोडलं. कमी फेऱ्यांवर पाय दाबून धरणंही सोडलं. टर्बो पेट्रोलमध्ये तेव्हाच इंजिन आतून ठोके देतं. शेजारच्या मास्तरांनी हीच गाडी ऑटोमॅटिक घेतली, टॉर्क कन्व्हर्टरची. त्यात इंजिनला आधी फेरे घेऊ देणारी सोय असते आणि निघताना जोरही वाढून मिळतो, त्यामुळे रपट्यावर ते डाव्या पायाला काम न देता हसत निघून जातात. किंमत जास्त, ॲव्हरेज माझ्यापेक्षा थोडं कमी. आज पुन्हा घ्यायची झाली तर पैसे जुळवून तीच घेईन. मॅन्युअलच घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नका. घरची चार माणसं बसवा, दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगाने चढाला लावा आणि बघा.

२०५/६५ आर १६ चे चार टायर, अडीच महिने वापरलेले, गोठ्यात ताडपत्रीखाली ठेवलेत. ज्याच्या गाडीचा मूळ साइजच तो आहे, त्यालाच देणार.