निळा-लाल-निळा गोंडा: कैसरच्या फौजेचा की वेअरमाख्टचा?

समजा, टेबलावर दोन जर्मन गोंडे आहेत. दोन्हींचे रंग निळा, लाल, निळा. एकाची पट्टी आणि झिरमिळ्या पांढऱ्या, दुसऱ्याच्या करड्या-हिरव्या. पैसे एकापुरतेच आहेत. कोणता उचलायचा?

आधी हा गोंडा म्हणजे काय ते पाहू. जर्मन सैनिक संगिनीची म्यान ज्या चामडी पट्ट्यात अडकवायचा, त्याला हा बांधलेला असे. जर्मन नाव ट्रॉडेल. वरून खाली पाहिलं तर पट्टी, तिच्यावरची सरकती गाठ, मग देठ, देठाखाली कडं आणि शेवटी झिरमिळ्या. पायदळात देठाचा रंग बटालियन सांगायचा: पहिली पांढरी, दुसरी लाल, तिसरी पिवळी. गाठ आणि कडं यांचा रंग त्या बटालियनमधली कंपनी सांगायचा: पांढरा, लाल, पिवळा, निळा, याच क्रमाने. म्हणजे निळा-लाल-निळा ही दुसऱ्या बटालियनची चौथी, अर्थात रेजिमेंटची आठवी कंपनी.

घोळ इथेच होतो. ही पद्धत कैसरच्या, म्हणजे 1918पर्यंतच्या जर्मन सम्राटाच्या काळात होती आणि 1935 नंतरच्या वेअरमाख्टमध्ये, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्यातही होती. रंगांवरून कंपनी कळते, काळ कळत नाही. गंमत म्हणजे कैसरच्या फौजेत आठवी ही साधी रायफलवाली कंपनी, तर वेअरमाख्टच्या पायदळात चौथी, आठवी आणि बारावी या मशीनगनच्या. गोंडा तोच, काम निराळं.

काळासाठी पट्टी पाहायची. पांढरी असेल तर कैसरच्या पायदळाची, करडी-हिरवी असेल तर नंतरची. मात्र हिरवट पट्टी दिसली की लगेच वेअरमाख्ट म्हणू नका, मधे राइक्सवेअर, म्हणजे या दोन्हींच्या मधल्या काळातलं जर्मन सैन्य, आहे. नुसत्या रंगावर तो निकाल लागत नाही. पट्टी चामड्याची असेल तर तो घोडदळाकडचा प्रकार, आणि चंदेरी जरीचा बंद गोंडा अधिकाऱ्यांचा किंवा वरच्या हुद्द्याच्या नॉन-कमिशन्डांचा. ते दोन्ही आजच्या निवडीत नाहीत.

विक्रेता संगिनीकडे बोट दाखवील: 'पात्याच्या पाठीवर मुकुट, डब्ल्यू आणि 15 आहे, म्हणजे 1915चा माल.' संगीन 1915ची, हे कबूल. पण गोंडा दोन मिनिटांत सुटतो आणि दुसरा बांधता येतो. शिवाय कैसरच्या संगिनी पुढेही वापरात राहिल्या, त्यामुळे जुन्या पात्यावर करडा-हिरवा गोंडा दिसला म्हणून तो खोटा ठरत नाही. संगिनीवरून गोंड्याचं वय काढू नये, एवढंच.

खरी परीक्षा गाठीखाली आहे. सरकती गाठ हलकेच वर सरकवा. वर्षानुवर्षं झाकलेला पट्टीचा तो भाग बाकीच्यापेक्षा उजळ दिसायला हवा. पट्टी जिथे दुमडली, तिथे आतला रंग ताजा आणि बाहेरचा उडालेला हवा. चहात बुडवून म्हातारा केलेला गोंडा गाठीखालीही तितकाच पिवळट निघतो. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण उन्हाची आणि धुळीची नक्कल करणारे तिथपर्यंत सहसा पोचत नाहीत.

मग अतिनील दिवा. कापड शुभ्र दिसावं म्हणून घालतात ती चमकणारी रसायनं युद्धानंतर सर्रास झाली, त्यामुळे दोरा निळसर-पांढरा झळकला तर संशय घ्यावा. निकाल मात्र देऊ नये, कारण कुणीतरी हल्लीच्या डिटर्जंटने तो धुतलेला असू शकतो! गळलेला एखादा दोरा मिळाला आणि मालकाची हरकत नसेल तर जाळून पाहा. सुती दोऱ्याला कागद जळल्याचा वास येतो, लोकरीला केसांचा. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, आणि तसं झालं की पुढचं बोलणं थांबवायला हरकत नाही.

दोन्ही गोंडे या परीक्षांत टिकले, तर नवशिक्याने पांढरा घ्यावा असं माझं मत. पांढऱ्यावर मळ, ऊन आणि दिव्याची चमक सगळंच स्पष्ट दिसतं. करड्या-हिरव्यावर तेच ओळखायला सरावलेली नजर लागते. पण पांढऱ्याची गाठ जागची हलत नसेल आणि विक्रेता 'जोर लावू नका, तुटेल' म्हणत असेल, तर करडा-हिरवा घ्या.