१४ महिने, ३१ पुस्तकं आणि एक अर्धा र

मागच्या महिन्यात माझा ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, मेला. २०२४ च्या दिवाळी सेलमध्ये १०,४९९ रुपयांना घेतला होता. वॉरंटी एक वर्षाची, मरण चौदाव्या महिन्यात. पुढचं सगळं त्या रागात लिहितोय हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. सहा इंच, ३०० पीपीआय (म्हणजे इंचाला तीनशे ठिपके), पुढून दिवा, आठ जीबी हे तुम्हाला पाठ असेलच. कंपनीचं नावही सांगत नाही, कारण माझी तक्रार कागदोपत्री अजून त्यांच्याकडे ‘प्रगतिपथावर’ आहे.

घेतला का, ते आधी. डोंबिवलीत आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी फडके रोडला चहाला भेटतो. पाचही जण विज्ञानकथांचे वेडे. नियम एकच: चहा येण्याआधी प्रत्येकाने ‘सध्या काय?’ याचं उत्तर द्यायचं. ‘काही नाही, वेळच मिळाला नाही’ म्हणणाऱ्याने बिल भरायचं. मी तीन रविवार लागोपाठ बिल भरलं. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून जाडजूड पुस्तक उघडणं शक्य नाही, आणि मोबाइलवर वाचायला गेलं की ऑफिसचे मेसेज येतात. तेव्हा हिशोब केला, की बिलं भरण्यापेक्षा हे यंत्र स्वस्त पडेल. पाच चहा आणि पाच बनमस्का, तुम्हीच मांडा.

पहिले दोन महिने मी प्रेमात होतो. एका चार्जिंगवर तीन आठवडे चालायचा. एकदा गाडी कुर्ल्याच्या अलीकडे दोन तास उभी राहिली, लोकांचे फोन एकेक करून मान टाकत होते आणि मी अँडी वियरचं ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ शांतपणे वाचत होतो. लिऊ त्सशिनचं ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ही यावरच झालं. त्यातल्या तळटिपा बोट लावलं की तिथेच उघडतात आणि बंद होतात. चीनच्या सांस्कृतिक क्रांतीचे संदर्भ आपल्याला थोडेच पाठ असतात! याउलट ‘ड्यून’ मात्र यावर वाचू नका. त्याच्या शेवटी लांबलचक शब्दकोश आहे आणि पहिल्या शंभर पानांत दर पाचव्या ओळीला तिकडे पळावं लागतं. कागदावर आपण मागच्या पानांत बोट घालून ठेवतो. इथे बोट घालायला जागाच नाही. मी तो अर्ध्यावर सोडला आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून, १८९३ ची संस्था आहे ती, कागदी प्रत मागवून पुरा केला.

हे इंग्रजीचं झालं. आता मूळ दुखण्याकडे येतो.

पहिलं मराठी ई-पुस्तक विकत घेतलं आणि तिसऱ्याच पानावर ‘दुसर्या दिवशी’ असं दिसलं. म्हटलं, छपाईची चूक. पुढच्या पानावर ‘वार्याने’, ‘पायर्या’, ‘सार्या’. म्हणजे आपला तो अर्धा र, आडव्या रेघेचा, पापणीसारखा, तो या यंत्राला माहीतच नाही. सरळ रफार करून य च्या डोक्यावर चढवतो. तुम्ही म्हणाल, एवढं काय, समजतं की. समजतं हो. पण शाळेत बाईंनी छडी हातात घेऊन शिकवलंय, की आचार्यांना दक्षिणा देतात आणि आचाऱ्यांना मजुरी. त्या दोघांना एकाच पंगतीला बसवलेलं मला बघवत नाही. पानागणिक सहा-सात वेळा ठेच लागते. मी मोजायला लागलो. खरंच मोजायला लागलो, वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून. बायको म्हणाली, “पुस्तक वाचताय की नाकाबंदी लावलीय?”

आणि सगळ्यात चीड कशाची आली सांगू? ‘हेल मेरी’त ४० एरिडानी या ताऱ्याकडचा एक जीव आहे. तो शब्दांत बोलत नाही, सुरांत बोलतो, आणि पुस्तकात त्याचं बोलणं संगीताच्या खुणांनी छापलंय. त्या खुणा या पडद्यावर अशा सुबक, अशा टवटवीत दिसत होत्या की बास! म्हणजे सोळा प्रकाशवर्षांवरच्या पाचपायी प्राण्याची भाषा यांना नीट दाखवता येते आणि कोट्यवधी माणसं बोलतात त्या मराठीचा ‘ऱ्य’ येत नाही. कंपनीला मेल केला. उत्तर आलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.’ पुन्हा केला. पुन्हा आभार.

२० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले. त्या रविवारी चहा झाला, बनमस्का कुणी मागवला नाही. ठरलं, की पुढच्या रविवारपर्यंत प्रत्येकाने त्यांची एक तरी गोष्ट पुन्हा वाचायची. आमच्यातल्या केळकरकाकांनी स्वतःचा आवडता किस्सा पन्नासाव्यांदा सांगितला आणि त्या दिवशी कुणी अडवलं नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती स्वतःच्या नावाने नाही, नारायण विनायक जगताप या नावाने. ज.वि.ना.ची आद्याक्षरं उलटी केली की ना.वि.ज. नावाचं वजन पडू नये म्हणून. आणि बक्षीस मिळालंच. मी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचली, काकांच्या पिवळ्या पडलेल्या कागदी प्रतीतून. त्यात पानिपत मराठ्यांनी जिंकलेल्या दुसऱ्याच जगात गंगाधरपंत जाऊन येतात आणि पुरावा म्हणून खिशात उरतं बखरीचं एक फाटकं पान. हे पान लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं, की यंत्र दीड शहाणं आहे आणि मराठी माणसाने पैसे घालवू नयेत. मग जुलैत मनीषाने घोटाळा केला.

मनीषा आमच्यात सगळ्यात लहान, बँकेत आहे, मला दादा म्हणते. तिने स्वतः मंगळावरची एक कथा लिहिली आणि वाचायला म्हणून सगळ्यांना फाइल पाठवली. मी ती ई-रीडरवर चढवून दोन दिवसांत वाचली. रविवारी म्हटलं, “बाकी छान आहे गं, पण मंगळावर समुद्र कुठून आणलास?”

“समुद्र? कुठला समुद्र, दादा?”

“अगं, यान दर्यांवरून सरकत जातं, मग ते दोघं दर्यांमध्ये उतरतात. दोरीने. दर्यात दोरीने कशाला उतरतील?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “दऱ्या, दादा! दऱ्या! व्हॅलिस मरिनेरिस!”

माझी बाजूही ऐका. व्हॅलिस मरिनेरिस हे नाव मरिनर-९ यानावरून पडलंय, १९७१-७२ मध्ये त्याने ती दरी दाखवली. चार हजार किलोमीटर लांब, काही ठिकाणी सात किलोमीटर खोल. आता मरिनर म्हणजे खलाशी. आणि मंगळावर कोणे एके काळी पाणी वाहत होतं हे तर शास्त्रज्ञही सांगतात. तेव्हा मला वाटलं, पोरीने भूतकाळातला मंगळ रंगवलाय. दीड पान तर मी त्या दर्याच्या कल्पनेवर खूश होतो. टेबलावर सगळे हसले. केळकरकाकांना ठसका लागला. बिल मी भरलं.

पण त्यातूनच उलगडा झाला. मनीषाने घरी लॅपटॉपवर फाइल उघडून दाखवली. तिच्याकडे ‘दऱ्या’ अगदी बरोबर. मग बिघडलं कुठे? तर असं: हा अर्धा र टाइप करायच्या दोन रीती आहेत. एकात साधा र, हलन्त, मग एक डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह आणि य. दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य. तिने पहिल्या रीतीने टाइप केलं होतं. मी ती फाइल ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलीचा प्रकार) करायला फुकटातलं एक सॉफ्टवेअर वापरलं, त्याने ‘हे रिकामं चिन्ह कशाला’ म्हणून सगळी जोडचिन्हं झाडून काढली. जोडचिन्ह गेलं की र उडी मारून य च्या डोक्यावर. दऱ्याचा दर्या. माझं विकतचं पुस्तकही तिने उघडून बघितलं. तिथेही तेच, जोडचिन्हं गायब. म्हणजे पाप फाइल तयार करणाऱ्याचं, आणि मी आठ महिने शिव्या घातल्या यंत्राला.

माफी मागणार होतो, पण तेवढ्यात कळलं की यंत्रही अगदीच निरागस नाही. आम्ही ‘बदला’ची कमांड देऊन तिच्या फाइलीतले सगळे अर्धे र टिंबवाल्या रीतीने करून घेतले. फाइल चढवली. आता रफार गेला, पण त्याजागी टिंबाचा ऱ, खाली हलन्ताची शेपटी आणि बाजूला सुटा य, असे तीन पाहुणे वेगवेगळे उभे. यंत्राच्या अंगच्या फाँटमध्ये हे जोडाक्षरच नव्हतं. मग मनीषाने ‘मुक्ता’ हा फुकट मिळणारा फाँट केबलने फोल्डरमध्ये टाकला, सेटिंगमध्ये जाऊन तो निवडला. आणि पान उघडलं.

दऱ्या.

ती आडवी रेघ, किंचित वर वळलेली, य ला बिलगून बसलेली. मी ते अक्षर मोठं करून बघितलं. मग अजून मोठं केलं. केळकरकाकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यांनाही दाखवलं, तर म्हणाले, “अरे, एवढ्या मोठ्या अक्षरात पानावर वीस शब्द राहतात. पुस्तक संपेपर्यंत बोट झिजेल माझं.” पण यंत्र हातातून सोडलं नाही त्यांनी पाऊण तास. भा. रा. भागवतांच्या अनुवादातून ज्यूल व्हर्न वाचलेला माणूस, कॅप्टन निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र आहे हे अजून अभिमानाने सांगतो. त्याला मोठं अक्षर मिळालं याचं मला फार बरं वाटलं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी पाचपैकी साडेचार दिले असते.

आता मरणाकडे. हे मी थोडक्यात आटोपतो, कारण यात माझीही चूक आहे.

कंपनीचं कव्हर १,२९९ रुपयांना होतं. पुठ्ठा आणि चुंबक यांचे १,२९९! मी घेतलं नाही. बायकोने जुन्या सतरंजीची झकास पिशवी शिवून दिली. चौदा महिने तीत सुखाने राहिला. डिसेंबरात एका संध्याकाळी दादरला गाडीत चढलो, पाठीवरची बॅग वर रॅकवर टाकली, आणि घाटकोपरला कुणीतरी त्यावर स्टीलचा डबा, चार पुडांचा, भरलेला, धाडकन ठेवला. आतून काही फुटल्याचा आवाज सुद्धा आला नाही. घरी येऊन उघडलं तर वरच्या अर्ध्या पडद्यावर राखाडी रेघा, आणि खालचा अर्धा जसाच्या तसा, मी सकाळी जिथे थांबलो होतो तिथलं पान. बटण दाबलं, चार्ज केलं, पुन्हा चालू केलं, ते पान हलेना.

सेवाकेंद्राला सहा फोन. पहिल्या पोराने ‘सर, रीस्टार्ट करून बघितलं का’ विचारलं. चौथ्याने फोटो मागितले. सहाव्याने निकाल दिला: बाह्य दाबामुळे नुकसान, वॉरंटीत असता तरी बसलं नसतं, पडदा बदलून मिळत नाही, नव्या यंत्रावर १५ टक्के सूट. म्हटलं, बाबा, घड्याळाची काच बदलून मिळते, चष्म्याची काच बदलून मिळते, तुमचा पडदाच असा काय सोन्याचा? तर म्हणाला, “सर, पॉलिसी आहे.” बाकी यंत्राला काही झालेलं नाही, बॅटरी ठणठणीत आहे, आतली ३१ पुस्तकं शाबूत आहेत, फक्त दाखवायला तोंड नाही. भागाकार केला, पुस्तकामागे ३३९ रुपये पडले. रद्दीवाल्याकडे एवढ्यात चार-पाच आली असती, आणि वाचून झाल्यावर परत विकता आली असती.

घ्यायचा असेल तर घ्या, पण कव्हरसकट घ्या आणि पहिल्याच दिवशी स्वतःचा फाँट टाका. मराठी पुस्तक विकत घेण्याआधी नमुन्याची पानं उघडून ‘दुसऱ्या’ कसं दिसतं ते बघा. रफार दिसला तर पैसे घालू नका. मी स्वतः १५ टक्क्यांच्या सुटीवर अजून विचार करतोय. बायकोला सांगितलेलं नाही.

जुना टाकलेला नाही. या पडद्याची गंमत अशी, की आतले काळे-पांढरे कण एकदा जागेवर बसले की चित्र धरून ठेवायला वीज लागत नाही. बॅटरी उतरली, तरी अर्धं पान तसंच. मागच्या रविवारी फडके रोडला घेऊन गेलो. ‘सध्या काय?’ विचारल्यावर टेबलावर ठेवला. मनीषाचीच कथा होती ती, दुसऱ्यांदा वाचत होतो, सात ओळी उरल्यात. केळकरकाकांनी चष्मा कपाळावर चढवला, पडदा नाकाशी नेला आणि मोठ्याने वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत ‘दऱ्या’ आला. पाचवीत ‘दुसऱ्या’.

“अरे, हे तर बरोबर आहे!” काका म्हणाले. बिल मात्र मलाच भरावं लागलं, कारण सात ओळी म्हणजे वाचन नव्हे असं चार विरुद्ध एक ठरलं.