आठ महिने, एक बाराबंदी, एक जामा: घरगुती शिलाई मशीनचा अनुभव

मशीन जूनमध्ये घेतलं, साडेनऊ हजारांना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मावसभावाकडे दुसऱ्या कंपनीचं आहे, त्याचीही दुखणी हीच. छोटी मोटर, पायडल, सात प्रकारचे टाके. त्यातला सरळ टाका सोडून बाकीचे मी दोनदा वापरले असतील. शिवण मला येत नव्हतं. शिवजयंतीच्या मिरवणुकीला भाड्याने आणलेला चमचमत्या सॅटिनचा, पाठीला चेन असलेला पोशाख लेकाच्या अंगावर बघितला आणि डोकं फिरलं, म्हणून हा उद्योग. वेळ एकच, जेवणं उरकल्यावर साडेनऊ ते अकरा. जागा जेवणाचं टेबल.

आधी मांजरपाटाची (जाड्याभरड्या सुती कापडाची) बाराबंदी केली, म्हणजे बटणांऐवजी बंदांनी बांधायचा जुन्या पद्धतीचा अंगरखा, लेकाच्या मापाची. कापड थोडं लागतं, तुकडे बहुतेक सरळ, त्यामुळे शिकाऊ माणसाला बरी. पण बंद बारा! म्हणजे सहा जोड्या. प्रत्येक बंद म्हणजे एक अरुंद पट्टी उलटी दुमडायची, कडेला टीप मारायची आणि मग ती नळी सुलटी करायची. टीप मशीन अर्ध्या मिनिटात मारतं, सुलटं करणं मात्र आपल्याच नशिबी. मी काडी घालून बघितली, सेफ्टी पिन घालून बघितली. शेवटी सुईत दुहेरी दोरा ओवून तो पट्टीच्या टोकाला पक्का केला, सुई नाकाच्या बाजूने नळीत सोडली (टोकाच्या बाजूने सोडली तर ती कापडात रुतते) आणि दुसरीकडून ओढली. पहिल्या बंदाला वीस मिनिटं गेली, बाराव्याला दोन.

पहिला महिना मशीनला शिव्या घालण्यात गेला. टीप वरून सरळ, खालून दोऱ्याचा नुसता गुंता. बॉबिन (खालच्या दोऱ्याची फिरकी) बदललं, दोरा बदलला, ताणाचं चाक शून्यापासून नऊपर्यंत फिरवून झालं. दुकानातून 'माणूस पाठवतो' म्हणाले, तो अजून यायचाय. उत्तर सापडलं खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे. त्या खरं तर आवाजाची तक्रार घेऊन आल्या होत्या.

"अरे, दाबाचा पाय खाली ठेवून दोरा ओवतोस का?"

"हो काकू, का?"

"मग दोरा ताणात बसणार कसा? पाय वर घे, मग ओव."

एवढंच होतं. सुईपाशी कापड दाबून धरणारा हा पाय खाली असला की दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा वरच्यावरच राहतो. गोंधळ दिसतो खाली, चूक असते वर. माहितीपुस्तिकेत याचं चित्र आहे, पण ते तांदळाच्या दाण्याएवढं. आवाजासाठी मशीनखाली चौपदरी सतरंजी घातली, काकूंची हरकत संपली.

मग जामा, माझ्यासाठी. सतराव्या शतकातल्या चित्रांत दिसतो तसा, वर अंगाबरोबर, छातीवर एकावर एक येणारे पदर काखेखाली बांधलेले आणि कमरेपासून खाली घेर. बंद कोणत्या काखेखाली, हे उगाच ठरवायचं नसतं. मुघल काळात हिंदू डावीकडे बांधत, मुसलमान उजवीकडे. मी हे कापड बेतल्यावर वाचलं, त्यामुळे पुढचे दोन्ही भाग पुन्हा बेतावे लागले.

या घेरात मशीनचे पैसे वसूल झाले. ४४ इंच पन्ह्याची मलमल घेतली. घेर कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद तुकड्यांचा. एका लांबीत एक कळी उलटी, एक सुलटी अशा दोन निघतात. ३८ इंच लांबीच्या बारा कळ्या जोडायच्या म्हणजे अकरा शिवणी, पस्तीस फूट टीप. कडा आत दुमडून दुसरी टीप मारली की सत्तर. हे दोन रात्रीत झालं. हाताने केलं असतं तर अजून धावदोराच घालत बसलो असतो.

मलमल पहिल्यांदा मशीनने गिळली. सुरुवातीलाच सुईच्या भोकात कापड ओढलं गेलं, चिमटीएवढा तुकडा फाटला. नंतर कापडाला तांदळाची खळ दिली, ११ नंबरची बारीक सुई लावली आणि सुरुवातीला खाली पतंगाचा कागद ठेवला, शिवून झाल्यावर फाडून टाकायचा. त्यानंतर त्रास नाही.

मशीनची खरी मर्यादा कमरेपाशी कळली. घेराच्या चुण्या, अस्तर, वरची पट्टी आणि मध्येच बंदाचं मूळ, असे थर एकावर एक आले की मोटर हुंकार भरते आणि सुई मोडते. दोन मोडल्या. १६ नंबरची जाड लावली, पायडल सोडलं, हाताने चाक फिरवून एकेक टाका घातला. तेवढ्या चार इंचांना एक संध्याकाळ गेली. जाड कापडच शिवायचं असेल तर हे मशीन घेऊ नका, जुनं काळं पायमशीन बघा.

बाहेरून दिसणारा प्रत्येक टाका मात्र मी हातानेच घातला. घराघरात मशीन आलं ते एकोणिसाव्या शतकात. जाम्याच्या काठावर मशीनची एकसारखी टीप दिसली की भाड्याचा सॅटिन परवडला असं वाटायला लागतं. सत्तावीस फूट घेराला हातशिलाईने काठ दुमडायला अकरा रात्री लागल्या. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रं बघून आलो होतो, पण काचेआडून टाके थोडेच मोजता येतात!

१९ फेब्रुवारीला लेक बाराबंदी घालून मिरवणुकीत गेला. माझ्या जाम्याला तोवर एक बाही नव्हती. मंडळातल्यांनी टोमणे मारले, मी म्हटलं, तिथीची शिवजयंती आहे की! फाल्गुन वद्य तृतीयेच्या आदल्या रात्री साडेअकराला शेवटचा बंद टाचला. सकाळी तो डाव्या काखेखाली मला एकट्याला बांधता येईना. बायकोने गाठ मारली आणि विचारलं, मशीनवर आता पडदे कधी?