ओझोन मोजायचा कुठून: जमिनीवरून की उपग्रहातून?

डॉब्सन स्पेक्ट्रोफोटोमीटर हे 1920 च्या दशकातले यंत्र. सूर्यप्रकाशातले दोन अतिनील पट्टे ते ताडून पाहते: एक पट्टा ओझोन भरपूर शोषतो, दुसरा पट्टा कमी. या फरकावरून डोक्यावरच्या हवेतला एकूण ओझोन कळतो. 300 डॉब्सन एकक म्हणजे सारा ओझोन जमिनीवर आणून पसरला तर जेमतेम 3 मिलिमीटरचा थर! गरज पडल्यास हे यंत्र चंद्रप्रकाशातही चालते.

उपग्रहाचे बळ व्याप्तीत आहे. 1978 मध्ये नासाच्या निंबस-7 उपग्रहावर गेलेले टॉम्स हे ओझोन मोजणारे उपकरण परावर्तित सूर्यप्रकाशावरून रोज जवळजवळ सगळ्या पृथ्वीचा नकाशा देई. ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीत मात्र ते आंधळे.

तरीही अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र (ओझोन फार विरळ झालेला भाग) जगाला आधी कळले ते जमिनीवरून. अंटार्क्टिकावरच्या हॅली या ब्रिटिश संशोधन तळावरच्या नोंदींवरून फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1985 मध्ये वसंतातली मोठी घट प्रसिद्ध केली. नासाने उपग्रहाचे आकडे फेकून दिले होते, असे सर्रास सांगतात. ते बरोबर नाही. फार कमी आलेल्या आकड्यांवर शंकेची खूण होती आणि त्यांची तपासणी चालू होती. छिद्र अख्ख्या खंडाएवढे आहे, हे मात्र उपग्रहानेच दाखवले.

एकच निवडायचे झाले तर मी डॉब्सन निवडेन. अवकाशातले उपकरण वर्षागणिक झिजते, दुरुस्तीला कुणी जात नाही, आणि त्याची चूक पकडायला जमिनीवरचीच मोजमापे लागतात. म्हणून जुनी केंद्रे बंद पडू देणे मला धोक्याचे वाटते.